आत्याचं पेटंट वाक्य

माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. गेली कित्येक वर्षं तिचा दिवस एका छोट्या पांढऱ्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर जातो. त्या सीटच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला आहे. त्यामुळे शिकणाऱ्याने कितीही गोंधळ घातला तरी शेवटचा शब्द आत्याच्या पायाचा असतो. आजवर तिने वकिलांना शिकवलं, नवरदेवांना शिकवलं, एका जादूगाराला शिकवलं आणि स्वतःच्या नणंदेलाही शिकवलं. पैकी नणंद सोडली तर बाकी सगळ्यांशी तिचे संबंध अजून चांगले आहेत.

आत्याला अपघाताची भीती अशी कधी वाटली नाही. समोरून ट्रक येत असला तरी ती शांतपणे खिडकीची काच पुसत बसेल. तिचं डोकं फिरायचं ते शब्दांनी. घासून घासून गुळगुळीत झालेल्या, जो तो तोंडात घोळवतो अशा शब्दांनी.

“घाबरलेला माणूस स्वतःचं काही बोलत नाही,” ती म्हणायची. “तोंडात आधीपासून जे पडलेलं असतं तेच बाहेर टाकतो. आणि माझ्या गाडीत सगळे घाबरलेलेच येतात.”

तिचं खोटं नव्हतं. तिच्याकडे एक हिशेबनीस शिकायला यायचा. त्याचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू व्हायचं. एकदा त्याने गाडी थेट रस्त्याकडेच्या झुडपात घातली. काचेवर पानं, वायपरमध्ये फांदी, आणि हा म्हणतो, “बेसिकली मी ब्रेकच दाबत होतो.”

“आणि बेसिकली नाही, तर?” आत्याने विचारलं.

दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक. ते दर चौकात “मी काय म्हणतो...” अशी सुरुवात करायचे आणि मग गिअर बदलण्याच्या नादात पुढचं विसरायचे. ते काय म्हणतात हे आत्याला आजतागायत कळलेलं नाही. तिसरी एक दातांची डॉक्टर. पोरगी गोड, पण तिला काहीही सांगा, ती टाळी दिल्यासारखी “एक्झॅक्टली!” म्हणणार.

“अगं, दिवा लाल होता!”

“एक्झॅक्टली!”

“मग थांबली का नाहीस?”

“एक्झॅक्टली ना!”

दिवसभर हे ऐकून आत्या घरी यायची, तर घरीही सुटका नव्हती. आतोबा दातांच्या कवळ्या बनवतात. दिवसभर लोकांची तोंडं दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः तोंड उघडतो ते “तसं बघायला गेलं तर” म्हणायलाच. मीठ मागितलं तर म्हणणार, “तसं बघायला गेलं तर मीठ तुझ्याच हाताशी आहे.” पाऊस पडतोय का विचारलं तर खिडकीतून न बघताच म्हणणार, “तसं बघायला गेलं तर पडतोय.”

आणि माझी आतेबहीण, म्हणजे ताई, एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बोलते. ती ऑफिसातून घरी येते, पण तिचं तोंड बऱ्याचदा ऑफिसातच राहतं. एकदा तिने गॅसवर दूध ठेवलं आणि ती गच्चीत गेली. दूध उतू गेलं, शेगडी बुडाली, खालची फरशी पांढरी झाली. आत्या ओरडत आली तर ताई अगदी गोड आवाजात म्हणाली, “झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

“आम्ही म्हणजे कोण?” आत्या कडाडली. “दूध तू उतू घालवलंस!”

“मी तुमची अडचण समजू शकते,” ताई म्हणाली, आणि मग स्वतःच जीभ चावली.

आम्ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. ती आरडाओरड ऐकून मी खाली गेले तेव्हा आत्या फरशी पुसत होती आणि फडक्याला सांगत होती की आता बस्स झालं.

पुढच्या रविवारी तिने जुन्या बाजारातून एक भोंगा आणला. पितळी, मागे काळा रबरी फुगा असलेला. पूर्वी सायकलींना असायचा तसला. तो तिने जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगशेजारी ठेवला आणि जाहीर केलं की आजपासून या घरात जो कोणी वापरून वापरून विटलेला शब्द बोलेल त्याच्या नावाने भोंगा वाजेल.

“तसं बघायला गेलं तर कल्पना चांगली—” आतोबा म्हणाले.

पोंऽऽ!

आतोबांच्या हातातला चमचा उडाला तो थेट फ्रिजच्या मागे गेला.

आठवडाभर घरात माणसं बोलण्याआधी विचार करू लागली. आतोबा तर वाक्याची सुरुवात कुठून करायची हेच न कळल्यामुळे मधूनच बोलायला लागले. “...म्हणून छत्री ने,” असं काहीतरी. आत्याचा उत्साह वाढला. घरात जमतंय तर गाडीत का नाही? गाडीला तर हॉर्न आयताच असतो! मग ती शिकणाऱ्याने ‘बेसिकली’ म्हटलं की शेजारून हात लांबवून हॉर्न दाबायला लागली. परिणाम असा झाला की रस्त्यावरची माणसं विनाकारण उड्या मारू लागली. दातांची डॉक्टर ‘एक्झॅक्टली’ म्हणाली तेव्हा समोरून रस्ता ओलांडणाऱ्या एका गृहस्थांच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली, आणि आत्याला गाडीतून उतरून कांदे गोळा करावे लागले.

मग एके सकाळी हिशेबनिसाने नेमकं हॉस्पिटलसमोर तोंड उघडलं. तिथे हॉर्नला बंदी. आत्याने दाबला. वाहतूक पोलीस आला.

“मॅडम, हॉर्न का वाजवला?”

“हे बेसिकली म्हणाले.”

पोलिसाने वाकून हिशेबनिसाकडे पाहिलं. तो म्हणाला, “बेसिकली, हो.” आत्याचा हात पुन्हा हॉर्नवर गेला.

“अहो मॅडम! कसं आहे ना, कसं आहे ना मॅडम, हा भाग कसा आहे ना—”

आत्या नंतर शपथेवर सांगत होती की तिसऱ्यांदा तिने हॉर्न मुद्दाम दाबला नाही, हात आपोआप गेला. पोलिसाने पावती फाडली.

रात्री जेवताना ती हे सगळं रंगवून सांगत होती. मीही होते. आत्या अजिबात खजील झालेली नव्हती. उलट पोलिसालासुद्धा आपण सुधारायला निघालो होतो याचा तिला अभिमान वाटत होता. “मी त्याला म्हटलं, दादा, साधी गोष्ट आहे—”

पोंऽऽ!

भोंगा ताईच्या हातात होता.

“हा कशाबद्दल?” आत्याने विचारलं.

“तुझ्या वाक्याबद्दल.”

“माझं कुठलं वाक्य?”

ताईने आपल्या बाबांकडे पाहिलं. आतोबांनी घसा साफ केला. “तसं बघायला...” असं म्हणून त्यांनी भोंगा ओढून घेतला, प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने एकदा वाजवला आणि मग म्हणाले, “अगं, तू ‘साधी गोष्ट आहे’ म्हणतेस.”

“मी? कधी?”

“कायम.”

“काहीतरीच! एखादं उदाहरण द्या.”

“बघायला आलो होतो तुला,” आतोबा म्हणाले. “मी म्हटलं, घाई नाही, विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. तू म्हणालीस, साधी गोष्ट आहे, हो.”

“ते एकदाच.”

“हिच्या वेळी बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टरीणबाई घामाघूम झालेल्या. तू झोपल्या झोपल्या त्यांना सांगत होतीस, साधी गोष्ट आहे, घाबरू नका.”

ताई म्हणाली, “माझा नंबर घसरला तेव्हा. आजोबा गेले तेव्हा. गीझर फुटला तेव्हा.”

आत्याने माझ्याकडे मोहरा वळवला. “तू सांग गं. मी म्हणते?”

मी ताटाकडे बघितलं. ताटात बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, तरी बघत राहिले.

“म्हणजे म्हणते,” आत्या म्हणाली. मग हळूच म्हणाली, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यातली कुसळं वेचली, आणि माझ्या डोळ्यात केवढं हे मुसळ.”

“मुसळ कसलं,” आतोबा समजूत घालत म्हणाले, “फार तर लाटणं.”

आत्या हट्टी आहे, पण अप्पलपोटी नाही. जो नियम दुसऱ्यांना तो तिला. तिने ठरवलं की हे वाक्य आता तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं. वाक्य ओठांवर आलं की गोळी तोंडात टाकायची, अशी युक्ती. दुपारपर्यंत पाकीट संपलं.

इथे बेकरीवाल्यांबद्दल सांगायला हवं. आत्याकडे शिकणाऱ्यांत ते सगळ्यांत जुने. माणूस आडवातिडवा, दंड पावाच्या लाद्यांसारखे, आणि आवाज इतका खोल की बोलले तर गाडीचा पत्रा थरथरेल. पण ते बोलायचेच नाहीत. पहाटेपासून कणीक मळणारे हात. स्टिअरिंगसुद्धा ते धरायचे नाहीत, मळायचे. बेकरीची व्हॅन आधी त्यांचा जावई चालवायचा. त्याला दुसरीकडे नोकरी लागली, आणि तेव्हापासून बेकरीवाले हॉटेलांना आणि हॉस्पिटलला पाव पोचवण्यासाठी रोज कुणाच्या तरी हातापाया पडायचे. लायसन्सशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि लायसन्स काही मिळत नव्हतं.

हेच आत्याला कोडं होतं. तिच्या शेजारी बसून हा माणूस उत्तम गाडी चालवायचा. चढावर थांबून पुन्हा निघणं, मागे घेणं, आठचा आकडा, सगळं व्यवस्थित. परीक्षेच्या मैदानावर मात्र परीक्षक शेजारी येऊन बसले की गाडी जागची हलायची नाही. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि बेकरीवाले समोर बघत बसलेले. दर वेळी नापास. “घाबरता का?” आत्या विचारायची. ते नकारार्थी मान हलवायचे.

तर त्या दिवशी आत्या तोंडात पेपरमिंट धरून बसलेली. मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला. बेकरीवाले निघाले नाहीत. मागचे हॉर्न वाजवू लागले.

“भाऊ, हिरवा झाला.”

“हो मॅडम.”

“मग निघा.”

“निघतो मॅडम.”

निघाले नाहीत. सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागचे लोक गाड्यांतून उतरून बघायला लागले.

“अहो भाऊ, कशाची वाट बघताय?”

बेकरीवाल्यांचे कान भट्टीसमोर उभं राहिल्यासारखे लाल झाले. “तुमची.”

“माझी?”

“तुम्ही म्हणता ना, मग मी निघतो. ‘साधी’ला क्लच अर्धा सोडतो. ‘गोष्ट’ला ॲक्सिलरेटर देतो. ‘आहे’ला हँडब्रेक खाली.”

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परीक्षेत हा गडी का हलत नव्हता ते तिला कळलं. परीक्षक काही ‘साधी गोष्ट आहे’ म्हणत नव्हते! पण नुकतंच तर ते वाक्य सोडलेलं. तिने दुसरं काही चालतंय का बघायचं ठरवलं.

“हे काही कठीण नाही,” ती म्हणाली.

बेकरीवाल्यांचा पाय ‘काही’पाशी उचलला गेला, ‘कठीण’ला डगमगला आणि ‘नाही’ला परत खाली गेला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

“सोपं आहे!” आत्या म्हणाली.

ते इतकं छोटं निघालं की दोन्ही पाय एकदम सुटले. गाडीने बेडकासारखी उडी मारली. आत्याची पेपरमिंट घशात गेली. तिचे डोळे पांढरे झाले, आणि बेकरीवाल्यांनी गाडी भर चौकात सोडून तिच्या पाठीत तो प्रसिद्ध कणीक मळणारा हात घातला. गोळी उडून समोरच्या काचेला चिकटली.

आत्याने डोळे पुसले, मागे वाजणारे हॉर्न ऐकले आणि घोगऱ्या आवाजात, हरलेल्या माणसासारखी म्हणाली, “साधी... गोष्ट... आहे.”

लोण्यातून सुरी जावी तशी गाडी निघाली.

तिने बाकीच्यांनाही तपासून पाहिलं. ती गप्प बसली तर मुख्याध्यापक चढावरून मागे घरंगळत. दातांची डॉक्टर क्लच दाबून नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसे, एखाद्या पेशंटने ‘आ’ करायची वाट बघावी तशी. कुणालाच माहीत नव्हतं की आपण त्या वाक्यावर गाडी चालवतो. बेकरीवाल्यांना तेवढं माहीत होतं.

त्या संध्याकाळी आत्या पडलेल्या चेहऱ्याने बाल्कनीत बसली होती. “म्हणजे मी यांना गाडी शिकवतच नव्हते,” ती मला म्हणाली. “माझं वाक्य शिकवत होते. माझ्या माघारी ही माणसं रस्त्यावर उभी राहणार, देवळातल्या नंदीसारखी.”

आतोबा आतून चहा घेऊन आले. “कवळीचं असंच असतं,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, ही काढा, दुसऱ्याचं तोंड बसवल्यासारखं वाटतंय. महिन्याने कवळी काढायला सांगितली तर रडायला लागतो. हळूहळू काढायला लाव. एकदम नको.”

हा सल्ला आत्याला पटला. एकदम बंद करायचं नाही, रोज थोडं थोडं कमी करायचं. पहिल्यांदा ती हळू आवाजात म्हणायला लागली. मग कुजबुजायला लागली. मग नुसते ओठ हलवायला लागली. पण त्यात अडचण अशी झाली की बेकरीवाले रस्ता सोडून तिच्या ओठांकडे बघायला लागले, आणि गाडी एका लग्नाच्या मांडवात जाता जाता वाचली. तिथून ती परत कुजबुजीवर आली. आणि तेवढ्यात परीक्षेची तारीख आली.

मला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी आत्याबरोबर गेले. परीक्षेचं मैदान म्हणजे एक मोठं सिमेंटचं पटांगण. मधे पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला आठ, एका बाजूला चढाव, कडेला नारिंगी शंकू, आणि भोवती जाळीचं कुंपण. फाटकाशी स्टुलावर एक राखणदार. शिकवणाऱ्यांना आत जायला परवानगी नव्हती. आम्ही जाळीला नाक लावून उभ्या राहिलो.

परीक्षक किडकिडीत होते आणि त्यांचं स्वतःचं एक वाक्य होतंच. “थोडक्यात सांगतो,” असं म्हणून ते इतका वेळ बोलले की रांगेतल्या एकाची गाडी तापली. पहिला नंबर बेकरीवाल्यांचा. ते आत्याच्या पांढऱ्या गाडीत बसले. त्यांच्यामागे मुख्याध्यापक होते, शिकवणीच्या दुसऱ्या गाडीत. त्यांच्यामागे दातांची डॉक्टर, तिच्या वडिलांच्या गाडीत. उकडत होतं, सगळ्यांच्या काचा खाली होत्या. वेळ वाचावा म्हणून सगळ्यांनी इंजिनं चालू करून, गिअर टाकून तयार राहा, असं परीक्षकांनी सांगून ठेवलेलं.

परीक्षक बेकरीवाल्यांच्या शेजारी बसले. “चला,” म्हणाले.

गाडी हलली नाही.

“चला की.”

बेकरीवाले समोर बघत होते. त्यांचा रुंद पाठमोरा आकार मला काचेतून दिसत होता, भिंतीसारखा स्तब्ध. आत्याने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

“म्हणा भाऊ, मनातल्या मनात म्हणा,” ती पुटपुटत होती.

परीक्षकांनी हातातलं पेन उघडलं. नापासाचा शेरा मारायचा असला की ते पेन उघडतात, हे आत्याला ठाऊक होतं. मी तिच्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आता काही खरं नाही. तिची छाती भरली, मान ताणली गेली, आणि गेल्या कित्येक दिवसांचं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

“साऽऽधी गोऽऽष्ट आऽऽहे!”

बेकरीवाल्यांची गाडी झोकात निघाली.

मुख्याध्यापकांचीही निघाली.

दातांच्या डॉक्टरचीही निघाली.

मुख्याध्यापकांना जायचं कुठे तेच माहीत नव्हतं. ते सरळ गेले आणि एकेक शंकू खाली घेत मैदानाच्या टोकापर्यंत पोचले. डॉक्टर त्यांना चुकवायला वळली ती फाटकाकडे. राखणदाराने स्टूल सोडलं आणि माकडालाही जमणार नाही अशा चपळाईने तो जाळीवर चढला. डॉक्टरने स्टुलाच्या बोटभर अलीकडे ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर लटकलेल्या राखणदाराला म्हणाली, “सॉरी, काका!” आणि या सगळ्याच्या मधोमध बेकरीवाले आठचा आकडा घालत होते. संथ, सुबक, एकाही पट्टीला चाक न लागता.

परीक्षक गाडी थांबवून उतरले ते तडक कुंपणाकडे आले. “कोण ओरडलं?”

“मी,” आत्या म्हणाली.

“थोडक्यात सांगतो,” परीक्षक म्हणाले, आणि सुरू झाले. बाहेरून मदत म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय, शंकू कोण उभे करणार, राखणदाराच्या खरचटलेल्या गुडघ्याचं काय. आत्या मान खाली घालून ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, “तेव्हा पहिला उमेदवार नापास.”

इतक्यात बेकरीवाले गाडीतून उतरून चालत आले. त्यांनी परीक्षकांना हात जोडले. “साहेब,” ते म्हणाले, आणि जाळी खरंच थरथरल्यासारखी वाटली, “चूक मॅडमची नाही. मला एकदा परत घ्या. सगळ्यांच्या शेवटी घ्या. तोवर मी शंकू उभे करतो.”

परीक्षकांनी आडव्या पडलेल्या शंकूंकडे पाहिलं. राखणदार अजून जाळीवरच होता, त्यामुळे ते काम दुसरं कोण करणार हा प्रश्नच होता. ते “बरं” म्हणाले.

शंकू उभे करता करता बेकरीवाले आमच्या बाजूला आले. आत्याने जाळीतून त्यांना हाक मारली.

“भाऊ, आता मी म्हणणार नाही. मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहते, माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही. तुम्ही म्हणा.”

“मनातल्या मनात म्हणून बघितलं मॅडम. पाय ऐकत नाहीत.”

“मग मोठ्याने म्हणा.”

“मी?” त्यांना घाम फुटला. “साहेबांसमोर? ते काय म्हणतील?”

“स्वतःशी बोलायला बंदी नाही. माझं वाक्य आहे, मी देते तुम्हाला. तुमचं म्हणून म्हणा.”

आत्या खरोखर कोपऱ्यावर गेली, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हणून पुढचं मी पाहिलं आणि तिला सांगितलं. बेकरीवाले गाडीत बसले. परीक्षक बसले. “चला.” थोडा वेळ काहीच नाही. मग त्या गाडीच्या उघड्या खिडकीतून, विहिरीतून यावा तसा आवाज आला, “साधी गोष्ट आहे.” परीक्षक दचकून दाराला चिकटले.

“काय म्हणालात?”

“तुम्हाला नाही, साहेब.”

गाडी निघाली होती. चढावर थांबली, पुन्हा आवाज, पुन्हा गाडी सुरेख वर. मागे घेताना आवाज. वळताना आवाज. दर वेळी आवाज आधीपेक्षा खणखणीत, आणि शेवटी शेवटी तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू होतं, एरवी कुणी न पाहिलेलं. गाडी चौकोनात बरोबर मधोमध थांबली. परीक्षक रुमालाने मान पुसत उतरले.

“थोडक्यात,” ते म्हणाले, “पास.”

त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात थोडक्यातलं भाषण असावं. डॉक्टरही पास झाली, कारण तिने ब्रेक वेळेवर दाबला होता. मुख्याध्यापक नापास झाले. त्यांच्या बंपरखाली एक शंकू अडकलेला सापडला, आणि तो आपला नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

मी कोपऱ्यावर धावत जाऊन आत्याला सांगितलं. तिने मला मिठी मारली, मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका अगदी अनोळखी बाईलाही मारली.

त्यानंतर आत्याने शिकवण्याची रीत बदलली. आता पहिल्याच दिवशी ती विचारते, “गाडी निघताना काय म्हणणार?” आणि ज्याचं त्याला निवडायला लावते. कुणी ‘चल गं बये’ म्हणतं, कुणी बेचा पाढा म्हणतं. एका पैलवानाने ‘आई गं’ निवडलं. फुलांचं दुकान चालवणारी एक बाई आहे, ती इंजिनाला ‘ऊठ बाळा, शाळेला उशीर झाला’ म्हणून उठवते. परीक्षकांनी वर तक्रार केली म्हणे, पण उमेदवाराने गाडीशी बोलू नये असा नियम कुठे सापडला नाही. सापडला तो एवढाच उपाय, की एका सकाळी कुंपणावर पाटी लागली: ‘बाहेरील व्यक्तींनी कोणतेही वाक्य उच्चारू नये.’

ती पाटी कुणामुळे लागली हे सगळ्या गावाला माहीत आहे. आत्या पाहुण्यांना मुद्दाम वाट वाकडी करून ती दाखवायला नेते.

फुलवालीची परीक्षा होती तेव्हा मीही गेले होते. आत्या पाटीच्या बरोबर खाली, ओठ घट्ट मिटून उभी होती. राखणदार तिच्यावर डोळा ठेवून होता, एक हात जाळीवर, गरज पडली तर चढायच्या तयारीत. फुलवालीची गाडी निघाली, आठ फिरली, चढाव चढली, चौकोनात येऊन थांबली. परीक्षकांनी मान हलवली. आत्याने राखणदाराकडे पाहिलं, मग पाटीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

राखणदाराने पाटी नीट वाचली. मग म्हणाला, “टाळ्यांचं काही लिहिलेलं नाही.”

आणि आत्याने अशा टाळ्या वाजवल्या की समोरच्या झाडावरचे सगळे कावळे उडाले.